जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा : कागद कोणत्या क्रमाने जमवावेत

ऑगस्ट महिना लागला की ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या घरी जर्मनीला निघालेली मुले येऊ लागतात. काही जण पेढे घेऊन येतात. पासपोर्टावर व्हिसा लागलेला असतो, विमानाचे तिकीट काढलेले असते आणि फक्त निरोप घ्यायचा असतो. काही जण मात्र फाइल घेऊन येतात. विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती असते, पण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे तिथल्या वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच ठेवायच्या खात्यात, पैसे पोहोचलेले नसतात, किंवा पैसे पोहोचलेले असतात आणि नावातली चूक दुरुस्त व्हायची राहिलेली असते. दोन्ही प्रकारच्या मुलांच्या गुणांत सहसा फारसा फरक नसतो. फरक असतो तो कोणता कागद आधी हाती घेतला आणि कोणता नंतर, यात.

मी राष्ट्रीयीकृत बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झाले. शेजारच्या मुलीची फाइल पाहण्यापासून सुरुवात झाली आणि आता कळवा, ऐरोली, नेरूळ, खारघर इथूनही मुले आणि त्यांचे आईवडील येतात. त्यांना जे पुन्हा पुन्हा सांगावे लागते ते इथे क्रमाने लिहीत आहे. हा लेख मुख्यतः मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठात मास्टर्स करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. बारावीनंतर लगेच जाणाऱ्यांची वाट वेगळी असते. त्यांना बहुतेक वेळा तिथल्या श्टुडिएनकोलेग या पूर्वतयारी अभ्यासक्रमातून, नाहीतर इथे पदवीचे एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करून पुढे जावे लागते.

ऑक्टोबरपासून मागे मोजा

जर्मनीतले हिवाळी सत्र बहुतेक विद्यापीठांत १ ऑक्टोबरला सुरू होते आणि उपयोजित शास्त्रांच्या अनेक विद्यापीठांत १ सप्टेंबरलाच. या तारखेपासून मागे मोजत यावे. सप्टेंबरच्या अखेरीस तिथे पोहोचायचे असेल आणि व्हिसाच्या निर्णयाला काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो असे धरले, तर व्हिसाचा पूर्ण अर्ज जूनमध्ये, फार तर जुलैच्या सुरुवातीला गेला पाहिजे. म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे मे-जूनमध्ये पोहोचले पाहिजेत. प्रवेशासाठीचे अर्ज त्याआधीच्या हिवाळ्यात आणि वसंतात जातात. हिवाळी सत्रासाठी १५ जुलै ही सर्वसाधारण अंतिम तारीख सांगितली जात असली, तरी परदेशी विद्यार्थ्यांसाठी अनेक अभ्यासक्रम मे महिन्यात आणि काही तर मार्चमध्येच बंद होतात. अर्जासोबत एपीएसचे, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासणाऱ्या कार्यालयाचे, प्रमाणपत्र लागते, म्हणून ते डिसेंबरपर्यंत हातात असावे. आणि एपीएसला पासपोर्ट, गुणपत्रिका यांच्या प्रती लागतात, म्हणून नावाच्या आणि गुणपत्रिकांच्या सगळ्या दुरुस्त्या आदल्या वर्षीच्या गणपतीपर्यंत उरकलेल्या असाव्यात.

थोडक्यात, ऑक्टोबरमध्ये वर्गात बसायचे असेल तर कामाला आदल्या ऑगस्टमध्ये लागावे लागते. चौदा महिने ऐकून पालक दचकतात. पण यातले प्रत्येक काम दुसऱ्याच्या खिडकीवर होते, आणि त्या खिडकीचा वेग आपल्या हातात नसतो.

नाव : सगळ्यात आधी आणि सगळ्यात सावकाश

महाराष्ट्रातल्या मुलांच्या फाइलीत सर्वाधिक अडचण नावाची येते, आणि त्याला कारण आपली नाव लिहिण्याची पद्धत आहे. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत असते. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर अनेकदा ही चारही नावे एकाच ओळीत सलग येतात. कल्पना करा, गुणपत्रिकेवर ‘पाटील स्नेहल रमेश संगीता’ असे आहे. पासपोर्टावर मात्र आडनावाच्या रकान्यात ‘पाटील’ आणि नावाच्या रकान्यात ‘स्नेहल रमेश’ आहे. आपल्याला हे एकच माणूस आहे हे क्षणात कळते. जर्मनीतल्या प्रवेश कार्यालयात बसलेल्या माणसाला संगीता हे तिच्या आईचे नाव आहे, की तिचे स्वतःचे, की आडनावाचा भाग, हे कळण्याचा काही मार्ग नसतो.

म्हणून पहिल्याच दिवशी मी मुलांना जेवणाच्या टेबलावर सगळे कागद ओळीने मांडायला सांगते : पासपोर्ट, आधार, दहावी, बारावी, प्रत्येक सत्राची गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, आयईएल्ट्स या इंग्रजी परीक्षेचा निकाल. मग नावाच्या ओळीखाली पट्टी धरून एकेक अक्षर वाचायचे. बँकेत सही पडताळताना आम्ही असेच करायचो. कळव्याच्या एका मुलाच्या बाबतीत सात कागद बरोबर निघाले आणि आठव्यावर, दहावीच्या गुणपत्रिकेवर, त्याच्या नावातले शेवटचे इंग्रजी ‘ए’ हे अक्षर नव्हते. दहावीला सहा वर्षे होऊन गेली होती आणि घरात कोणाच्या ते लक्षात आले नव्हते. तो सप्टेंबरमध्ये आला होता म्हणून निभावले. शाळेमार्फत अर्ज गेला, मंडळाच्या मुंबई विभागाचे कार्यालय वाशीत आहे, तिथे दोन-तीन हेलपाटे झाले आणि दुरुस्त गुणपत्रिका मिळाली. हीच गोष्ट मे महिन्यात लक्षात आली असती तर शाळेला सुट्टी लागलेली असती.

नियम असा ठेवावा की पासपोर्टावरचे नाव हे प्रमाण. विद्यापीठाचा अर्ज, एपीएसची नोंदणी, ब्लॉक्ड अकाउंट, विमा, व्हिसाचा अर्ज, सगळीकडे पासपोर्टाच्या खालच्या दोन यंत्रवाचनीय ओळींत जसे नाव छापले आहे तसेच लिहावे. केवळ नावांचा क्रम वेगळा असेल किंवा आईचे नाव जास्तीचे आले असेल, तर नोटरीकडून इंग्रजीत प्रतिज्ञापत्र करून घ्यावे, त्यात दोन्ही रूपे लिहून ती एकाच व्यक्तीची आहेत असे स्पष्ट नमूद करावे आणि ते प्रत्येक अर्जाला जोडावे. स्पेलिंग चुकले असेल तर प्रतिज्ञापत्रावर विसंबू नये, मूळ कागद दुरुस्त करून घ्यावा. लग्नानंतर नाव बदलले असेल तर आधी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नोंद, मग पासपोर्ट, आणि त्यानंतरच बाकीचे.

ज्यांच्याकडे पासपोर्टच नाही त्यांनी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करावा. प्रौढांसाठी छत्तीस पानी पासपोर्टाचे शुल्क १,५०० रुपये आहे आणि तत्काळसाठी त्यावर आणखी २,००० रुपये लागतात. चौदा महिने हाताशी असतील तर तत्काळची गरज पडत नाही. पोलीस पडताळणीच्या वेळी मात्र अर्जात दिलेल्या पत्त्यावर घरी असावे लागते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांची गाडी इथेच अडते.

एपीएस : ज्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही

एपीएस म्हणजे भारतीय विद्यार्थ्यांची शैक्षणिक कागदपत्रे तपासणारे दिल्लीतले कार्यालय. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय पदवीधारकांना जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी या कार्यालयाचे प्रमाणपत्र बंधनकारक झाले. शुल्क १८,००० रुपये आहे. संकेतस्थळावर नोंदणी करून शुल्क भरायचे, अर्ज छापून त्यावर सही करायची आणि यादीतल्या कागदांच्या प्रतींसह तो कुरिअरने पाठवायचा, असे त्याचे स्वरूप आहे.

यादी वाचताना घाई करू नये. पदवी पूर्ण झालेल्यांची यादी वेगळी असते आणि शेवटच्या वर्षात शिकणाऱ्यांची वेगळी. मुंबई विद्यापीठाच्या मुलांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते : एटीकेटी लपवू नका. एखाद्या सत्रात विषय राहिला असेल तर त्या प्रयत्नाची गुणपत्रिका आणि नंतर सुटल्याची गुणपत्रिका, दोन्ही क्रमाने लावा. एटीकेटीमुळे प्रमाणपत्र नाकारले गेले असे माझ्या पाहण्यात नाही. मधली गुणपत्रिका गायब असल्यामुळे मात्र फाइल अडकलेली मी पाहिली आहे, कारण तपासणाऱ्याला सत्रांची साखळी तुटलेली दिसते आणि मग चौकशीचे पत्र येते.

ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांच्या विद्यापीठाने दिलेल्या एकत्रित उताऱ्यासाठी, विद्यापीठाच्या कलिना संकुलातल्या परीक्षा भवनात अर्ज करावा लागतो. एकदाच जास्तीच्या प्रती मागून ठेवाव्यात. काही विद्यापीठे बंद, शिक्का मारलेल्या पाकिटातली प्रत मागतात आणि ते पाकीट आपण फोडले की त्याचा उपयोग संपतो. हे प्रमाणपत्र एकदा मिळाले की पुढच्या सत्राच्या अर्जालाही चालते, म्हणून ‘प्रवेश नक्की झाला की मग पैसे भरू’ असा विचार करण्यात नुकसानच आहे.

विद्यापीठ निवडताना व्हिसाची आठवण ठेवा

प्रवेशप्रक्रिया हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे व्हिसाशी संबंध येतो तेवढेच लिहिते. अभ्यासक्रम शोधण्यासाठी डाड या जर्मन संस्थेची यादी सर्वांत भरवशाची आहे. पुष्कळ विद्यापीठांचे अर्ज युनी-असिस्ट या परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जातात, तिथे एका सत्रातल्या पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो पडतात.

आपले गुण जर्मन पद्धतीत किती होतात हे आधीच काढून पाहावे, म्हणजे अर्जांचे पैसे वाया जात नाहीत. तिथे १ हा सर्वोत्तम आणि ४ हा काठावरचा. सूत्र सोपे आहे : सर्वोच्च शक्य गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि त्यात एक मिळवा. दहाच्या श्रेणीत आपला सीजीपीए ८ असेल आणि उत्तीर्ण होण्यासाठी किमान ४ लागत असतील, तर दोनाला सहाने भागून तीनने गुणले की एक येतो, त्यात एक मिळवला की २.०. ज्या अभ्यासक्रमाला २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी हवी आहे तिथे हा विद्यार्थी बसतो.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसते, फक्त प्रत्येक सत्राचे छोटे शुल्क असते. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्ससाठी अभ्यासक्रमानुसार सत्राला ४,००० ते ६,००० युरो शुल्क सुरू केले आहे. हे आकडे घरच्या हिशेबात आधीच धरावेत.

खाजगी विद्यापीठात प्रवेश करून देणाऱ्या कन्सल्टंटबद्दल सावध राहावे. जे विद्यार्थ्याकडून काहीच घेत नाहीत त्यांना पैसे कुठून मिळतात, हा प्रश्न पालकांनी तोंडावर विचारावा. अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून शिकवला जातो, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावे. मुख्यतः ऑनलाइन चालणाऱ्या शिक्षणासाठी त्या देशात राहण्याचे कारणच उरत नाही आणि व्हिसाच्या वेळी, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिथे पोहोचल्यावर, ते अंगाशी येते.

ब्लॉक्ड अकाउंट : पैसे पाठवण्याची रीत

हा माझ्या नोकरीतला विषय, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. विद्यार्थी पहिले वर्षभर स्वतःचा खर्च भागवू शकेल याचा पुरावा जर्मनी मागते. शिष्यवृत्ती किंवा जर्मनीत राहणाऱ्या हमीदाराचे अधिकृत पत्र नसेल तर तो पुरावा म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात. तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरोच काढता येतात. व्हिसाचा अर्ज भरण्याच्या आठवड्यात ही रक्कम दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहावी, कारण तिच्यात बदल होत आले आहेत. वडिलांच्या मुदत ठेवीची पावती किंवा शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र या रकमेची जागा घेत नाही. कर्ज असले तरी त्यातून पैसे उचलून ते या खात्यात पोहोचावे लागतात.

एक्स्पाट्रिओ, फिंटिबा अशा सेवा हे खाते ऑनलाइन उघडून देतात. खाते उघडले की त्याचा क्रमांक आणि विद्यार्थ्याचा संदर्भ क्रमांक असलेले पत्र येते. ते छापून बँकेत न्यावे, सोबत पासपोर्ट, प्रवेशपत्र आणि पैसे पाठवणाऱ्याचे पॅन. बँक फॉर्म ए-टू भरून घेते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतात ते तीन ठिकाणी.

पहिला प्रश्न शुल्काचा. परदेशी पैसे जाताना मधे एखादी बँक लागते आणि ती आपले शुल्क त्याच रकमेतून कापून घेऊ शकते. फॉर्मवर शुल्क कोणी सोसायचे याचा एक छोटासा रकाना असतो : सगळे पाठवणाऱ्याने, दोघांनी वाटून, की सगळे घेणाऱ्याने. घाईत कारकून ‘वाटून’ या पर्यायावर खूण करतो. नेरूळच्या एका मुलीच्या वडिलांनी बरोबर ११,९०४ युरो पाठवले आणि तिकडे पोहोचले त्यापेक्षा वीस-बावीस युरो कमी. रक्कम अपुरी म्हणून खात्याचे पुष्टिपत्र निघेना. उरलेले वीस युरो पाठवण्यासाठी पुन्हा फॉर्म, पुन्हा बँकेचे शुल्क आणि पुन्हा आठवडाभराची वाट. म्हणून सगळे शुल्क पाठवणाऱ्याने सोसण्याचा पर्याय निवडा आणि तरीही शंभरेक युरो जास्तच पाठवा. जास्तीचे पैसे कुठे जात नाहीत, ते तुमच्याच खात्यात राहतात. संदर्भ क्रमांक शेऱ्याच्या रकान्यात टंकला आहे ना, हे पावतीवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

दुसरा प्रश्न दराचा. शाखेत फलकावर लागलेला दर हा अंतिम नसतो. एवढ्या मोठ्या रकमेसाठी शाखा आपल्या ट्रेझरी विभागाकडून वेगळा दर मागवू शकते, पण तो ग्राहकाने मागितला तरच मागवला जातो. मी तीस वर्षे त्या खिडकीच्या आत बसले आहे, म्हणून खात्रीने सांगते. युरोमागे पन्नास पैसे वाचले तरी बारा हजार युरोंवर सहा हजार रुपये होतात.

तिसरा प्रश्न टीसीएसचा, म्हणजे पैसे परदेशी पाठवताना बँक आपल्याकडून वसूल करते त्या आयकराचा. १ एप्रिल २०२५ पासून एका व्यक्तीने आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेल्या १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस लागत नाही, त्यावरच्या रकमेवर लागतो. युरो शंभर रुपये धरला तर ११,९०४ युरो म्हणजे ११ लाख ९० हजार रुपये, म्हणजे वरच्या १ लाख ९० हजारांवर हा कर बँक वसूल करेल. मान्यताप्राप्त वित्तीय संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून रक्कम जात असेल तर तो लागत नाही. घरातून पैसे जात असतील तर आई आणि वडील दोघांनी आपापल्या खात्यातून वाटून पाठवले तर प्रत्येकाची मर्यादा स्वतंत्र धरली जाते. त्यासाठी दोन्ही रकमांवर एकच संदर्भ क्रमांक असावा. आणि कापला गेलाच तरी ते पैसे बुडत नाहीत. ज्याच्या पॅनवर कापले त्याच्या आयकर विवरणात ते जमा दिसतात आणि वळते करून घेता येतात.

कर्ज काढणाऱ्यांसाठी एक स्थानिक सूचना. नवी मुंबईतले पुष्कळ फ्लॅट सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहेत, आणि असे घर तारण ठेवायचे तर सिडकोचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. सोसायटीचे पत्र, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन हे सगळे त्यानंतर. ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांत अनेकदा अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणे, झालेले नसते, तिथेही वकील प्रश्न काढतो. म्हणून तारणी कर्जाचा अर्ज प्रवेशपत्राची वाट न पाहता फेब्रुवारीतच बँकेत चर्चेला न्यावा.

हेतुपत्र : अधिकाऱ्याशी तुमचे एकमेव बोलणे

व्हिसाच्या फाइलीतले बाकी सगळे कागद दुसऱ्यांनी दिलेले असतात. हेतुपत्र तेवढे तुम्ही लिहिता. मी पाहिलेल्या हेतुपत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांची सुरुवात ‘जर्मनी हा तंत्रज्ञानात अग्रेसर देश आहे’ अशी असते. वाचणारा अधिकारी त्याच देशाचा नोकर आहे. त्याला हे माहीत आहे. त्याला जाणून घ्यायचे असते ते हे की हाच अभ्यासक्रम का, आधीच्या शिक्षणाशी त्याचा धागा काय, मधल्या काळात काय केले, खर्च कोण करणार आणि नंतर काय करणार.

ऐरोलीच्या एका मुलाचा पहिला मसुदा दोन पाने स्तुतीने भरला होता. तो पदवीनंतर दीड वर्ष ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात पंपांच्या देखभालीचे काम करत होता आणि हे त्याने एका ओळीत उरकले होते. मी त्याला विचारले, तिथे रोज काय करायचास? तो सांगू लागला : कोणता पंप किती वीज खातो याची नोंद त्याने स्वतः ठेवायला सुरुवात केली होती, जुने पंप अर्ध्या भारावर चालताना किती ऊर्जा वाया जाते हे त्याच्या लक्षात आले होते आणि त्यासाठी लागणारे नियंत्रणशास्त्र पदवीत शिकवले नव्हते. त्याने निवडलेल्या ऊर्जा तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात नेमका तोच विषय दुसऱ्या सत्रात होता. दुसऱ्या मसुद्यात स्तुती गेली आणि पंप आले. पत्र दीड पानात बसले.

शिक्षणात खंड पडला असेल तर तो सांगून टाकावा, महिन्यांसकट. आजारपण, घरची अडचण, स्पर्धा परीक्षेची दोन वर्षे, यात लपवण्यासारखे काही नाही. खोटे अनुभवपत्र मात्र कधीही जोडू नये. व्हिसासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा जर्मन निवास कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याचा डाग एका अर्जापुरता राहत नाही.

अर्ज आणि केंद्रावरचा दिवस

महाराष्ट्रातल्या अर्जदारांचा निर्णय नरिमन पॉइंट येथील जर्मन वाणिज्य दूतावासाकडे असतो. राष्ट्रीय व्हिसाचा अर्ज आता जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. तिथे कागद चढवायचे, प्राथमिक तपासणीत काही कमी निघाले तर पुरवायचे आणि मग बोटांचे ठसे, छायाचित्र व मूळ कागद यांसाठी व्हीएफएस या दूतावासांच्या वतीने अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जायचे. व्हिसा शुल्क ७५ युरो आहे, ते रुपयांत घेतले जाते आणि केंद्राचे सेवाशुल्क वेगळे असते.

आरोग्य विम्याचे दोन भाग असतात आणि मुले पहिला विसरतात. विद्यापीठात नोंदणी झाल्यावर तीस वर्षांखालील विद्यार्थ्यांना सरकारी आरोग्य विमा मिळतो. पण विमानात बसल्यापासून त्या नोंदणीपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवासी विमा स्वतंत्र घ्यावा लागतो. त्याची सुरुवातीची तारीख तुमच्या प्रवासाच्या तारखेशी जुळली पाहिजे.

केंद्रावर नेण्याचे दोन संच करावेत, ए-फोर आकारात, टाचणी न मारता, यादीच्याच क्रमाने. पासपोर्टात दोन कोरी पाने आहेत ना हे पाहावे. छायाचित्र ३५ बाय ४५ मिलिमीटरचे, पांढऱ्या किंवा फिकट पार्श्वभूमीचे, चष्म्याच्या काचेवर चकाकी न येता काढलेले असावे.

भेटीची वेळ जुलैमधली असेल तर पावसाचा हिशेब धरावा. कुर्ला आणि शीवच्या मधे रुळांवर पाणी साचले की मध्य आणि हार्बर दोन्ही मार्ग एकाच वेळी ठप्प होतात आणि ठाणेकर, वाशीकर दोघेही अडकतात. शक्यतो दुपारची वेळ घ्यावी, सकाळीच निघावे आणि केंद्राच्या जवळपास कोणी नातेवाईक राहत असतील तर आदल्या रात्री त्यांच्याकडे मुक्कामाला जावे. मूळ गुणपत्रिका प्लास्टिकच्या बंद पाकिटात ठेवाव्यात. केंद्रातला कर्मचारी निर्णय घेत नाही, तो कागद स्वीकारतो. त्याच्याशी वाद घालू नये, पण एखादा कागद नको म्हणून परत दिला आणि तुमच्या मते तो लागणार असेल, तर तो ऑनलाइन अर्जात चढवलेला आहे याची खात्री करावी.

नकार आला तर

पूर्वी नकारानंतर त्याच दूतावासाकडे फेरविचाराचे पत्र देता येत असे. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने ही सोय जगभर बंद केली. आता नकाराविरुद्ध बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येते किंवा नवा अर्ज करता येतो. विद्यार्थ्याला बहुतेक वेळा दुसरा मार्गच परवडतो. नकारपत्रात कारण लिहिलेले असते, ते शब्दशः भाषांतर करून वाचावे. पैशांबद्दल असेल तर पुरावा बदलावा लागेल, शिक्षणाच्या हेतूबद्दल असेल तर हेतुपत्र मुळापासून लिहावे लागेल. तीच फाइल पुन्हा दिली तर तेच उत्तर येते. त्याच दिवशी विद्यापीठाला कळवून प्रवेश पुढच्या सत्रापर्यंत राखून ठेवता येतो का, आणि उशिरा नोंदणीची शेवटची तारीख कोणती, हे विचारावे.

व्हिसा हाती आल्यावर

पासपोर्ट परत आला की पाकीट तिथेच उघडून नाव, जन्मतारीख आणि वैधतेच्या दोन्ही तारखा वाचाव्यात. सुरुवातीची तारीख येण्याआधी जर्मनीत प्रवेश करता येत नाही, त्यामुळे विमानाचे तिकीट त्यानंतरचेच हवे. सगळे मूळ कागद हाताजवळच्या बॅगेत न्यावेत, चेक-इन सामानात नव्हे, आणि त्यांच्या स्कॅन प्रती ठाण्यात आईवडिलांकडे ठेवाव्यात.

तिथे घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी नगर कार्यालयात करावी लागते. त्या नोंदणीचा कागद मिळाल्याशिवाय पुढचे काम सहसा सुरू होत नाही : उदाहरणार्थ, ब्लॉक्ड अकाउंटमधून दरमहा पैसे उतरण्यासाठीचे चालू खाते. म्हणून घरमालक नोंदणीसाठी आवश्यक पत्र देणार आहे का, हे भाडे ठरवतानाच विचारावे. काही तात्पुरत्या खोल्यांत ते मिळत नाही. विद्यार्थी वसतिगृहासाठी अर्ज प्रवेशपत्र आल्याच्या दिवशीच टाकावा, कारण मोठ्या शहरांत प्रतीक्षा यादी लांब असते. काम करून हातखर्च भागवायचा असेल तर वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस ही मर्यादा लक्षात ठेवावी.

पासपोर्टावरचा व्हिसा थोड्या महिन्यांचाच असतो. त्याची मुदत संपण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज जावा लागतो. या कार्यालयांत वेळ मिळायला आठवडे लागतात, म्हणून पत्त्याची नोंदणी झाली की त्याच आठवड्यात वेळ मागावी. मुदतीच्या आत अर्ज पोहोचलेला असेल तर निर्णय होईपर्यंत तिथले वास्तव्य कायदेशीर राहते आणि तसे तात्पुरते प्रमाणपत्र मागता येते. ते हातात येईपर्यंत डिसेंबरच्या सुट्टीत घरी येण्याचे तिकीट काढू नये.